खिडक्या लावून घ्या

१

महाडजवळच्या त्या मोहल्ल्यात खिडक्या कधी लावायच्या हे घड्याळ सांगत नाही, नाक सांगतं. कारखान्यांच्या वसाहतीकडून वारा फिरला की कुणीतरी पहिली हाक देतं, "खिडक्या लावून घ्या गो," आणि मग घरामागून घर झडपा आपटत जातात. दाराखालच्या फटीला ओलं फडकं लागतं. थोड्या वेळाने वारा बदलला की पुन्हा सगळं उघडं. नवा पाहुणा घाबरतो, पण इथल्या बाया हातावरची भाकरी मोडू न देता कोपराने खिडकी लोटतात आणि पुढे थापत राहतात. सवय ही अशी गोष्ट आहे की तिला डोकं लागत नाही.

हलिमा या कामात सगळ्यांची उस्ताद होती. तिला कारणही तसंच होतं. तिची हुमेरा सहा वर्षांची, छातीने नाजूक. गेल्या वर्षी पोरीला दवाखान्यात नाकाला नळी लावून ठेवावं लागलं, तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला वाईट हवेपासून जपा. हलिमाने ते कुराणातल्या आयतीसारखं पाठ केलं. मोहल्ल्यात हाक उठायच्या आधी तिच्या घराच्या कड्या लागलेल्या असायच्या. शेजारणी चेष्टा करायच्या, "हिचं नाक कुत्र्याला लाजवील." हलिमा हसायची, पण कडी पुन्हा एकदा ओढून बघायची.

डिसेंबरात तिचा नवरा फुरकान कुवेतहून सुट्टीवर आला. तिकडे तो एसी दुरुस्तीचं काम करायचा. मुंबईहून गाडीने सकाळी उतरला, अंघोळ करून जेवला, आणि दुपारी रीतीप्रमाणे पडवीत बॅगेची दोरी कापायला बसला. बॅग उघडताना सगळ्यांनी भोवती बसायचं हा तिथला मान असतो. दुधाची पावडर निघाली, बाम निघाला, साबणाच्या वड्या, अत्तराची बाटली. सगळ्यात वर होती विमानातली चादर.

ही चादरीची गंमत त्या मोहल्ल्याबाहेर कुणाला कळायची नाही. आखातातून येणारा प्रत्येक गडी विमानात पांघरायला दिलेली पातळ चादर हळूच पिशवीत कोंबून आणतो. त्याला कुणी चोरी म्हणत नाही. घराघरात ती असते, कुठे इस्त्रीखाली, कुठे स्कूटरवर, कुठे बाळंतिणीच्या पाठीशी.

हुमेराने झडप घालून चादर ओढली आणि डोक्यावरून घेतली. त्याच क्षणी हलिमाच्या नाकात तो वास गेला. दिवसभर बुटात शिजलेल्या ओल्या मोज्यांचा, आणि त्याच्या मागे करपट जुन्या तेलाचा.

"आज वास लवकर आला वाटतं," ती म्हणाली आणि उठून तिने सगळ्या खिडक्या लावल्या.

शेवटची कडी बसली तसे तिचे दोन्ही कान आतून बंद झाले. तिने आवंढा गिळला. कानात बारीक टच्‌ झालं आणि आवाज परत आले. सर्दी होणार असेल, असं म्हणून ती चहा टाकायला गेली.

२

अर्ध्या तासाने तिने खिडकी उघडून बाहेर डोकावलं. बाहेर हवा अगदी स्वच्छ होती, कुणाकडे तरी सुका जवळा भाजत होते एवढाच वास. शेजारच्या घरांच्या खिडक्या उघड्या होत्या. म्हणजे कुणी हाक दिलीच नव्हती. तिने डोकं आत घेतलं आणि मोजे पुन्हा नाकात शिरले.

"अवो, तुमची बॅग कशात पडली व्हती काय?"

"बॅग नाय गो," फुरकान म्हणाला. "तो विमानातला वास. वर चढलं तवाच सुटला. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. ती विमानातली बाई बोलली, काय नाय, थोडा वेळ असा येतो, जाईल. गेला नाय. घसा जळाया लागला माझा."

"मंग?"

"मंग काय? खिडकी थोडीच उघडता येते? जी हवा हाय ती घ्यायची. एकाची सोडलेली दुसऱ्यानं. बाजूवाला रातभर माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत व्हता. तोंड उघडं त्याचं, माझ्या नाकाखाली." त्याने तोंड वाकडं केलं. "उतरलो तरी तो झोपलेलाच. म्या नाय उठवला."

हलिमाला शिसारी आली. परक्या माणसाचा सगळ्या रात्रीचा श्वास आपल्या नवऱ्याने ओढला हा विचार तिला पानातल्या केसासारखा टोचला. तिने हुमेराच्या अंगावरची चादर काढून घेतली. पोर रडली. हलिमाने चादर मागच्या दारी नेऊन कडकडीत पाण्यात साबण घालून भिजवली.

पाणी पिवळं झालं. तिने ते ओतलं, दुसरं घेतलं, तेही पिवळं. वर तेलाचा पातळ थर तरंगत होता आणि त्यात केस होते. काळे, पांढरे, मेंदी लावलेले, कुरळे. एका माणसाचे नव्हते. तिने काठीनेच चादर उचलली आणि कुंपणावर उन्हात टाकली, आणि हात कोपरापर्यंत घासून धुतले. तरी रात्री जेवताना हाताला मोज्यांचा वास येत होता. तिने ताट सारलं.

त्या रात्री फुरकान लवकर झोपला आणि घोरायला लागला. हलिमा कूस बदलून पडून होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याचं घोरणं तिला ओळखीचं होतं. हे त्याच्यात दुसरं होतं. एक घोरणं बाहेर पडायचं आणि ते संपायच्या आत दुसरं, जाडसर, म्हाताऱ्या माणसाचं, आत ओढलं जायचं. तोंड एकच. थकव्यामुळे होत असेल, तिने स्वतःला सांगितलं, आणि पदर नाकावर घेतला.

३

दोन-तीन दिवसांत फुरकानची तऱ्हा बदलली. ओठ तडकले, डोळे लाल झाले, हाताची कातडी कागदासारखी कोरडी पडली. तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा. आडवा होईना, खुर्चीत ताठ बसून, हात मांड्यांवर ठेवून झोपायचा. आणि हलिमाने खिडकी उघडली की उठून लावायचा.

"उघडी राहू दे की," ती म्हणायची. "घरात कसला घाण वास मारतोय."

"कान दुखतात गो," तो म्हणायचा.

हुमेराला खोकला लागला. कुंपणावरची चादर तिने कधी आत आणली कुणाला कळलं नाही, पण ती आता तिच्या अंगावरून निघेना. हलिमाने दोनदा ओढून मागच्या दारी फेकली, दोनदा ती पोरीच्या खांद्यावर परत दिसली. शेवटी मार दिला. पोर रडता रडता खोकली आणि तिच्या तोंडातून जी वाफ आली तिने हलिमा मागे सरकली. नंतर स्वतःचीच तिला लाज वाटली.

तिने धाकट्या दिराला, नासिरला, बोलावलं. तो वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि रस्त्यापलीकडे एकटाच राहायचा, बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली. त्याने अंगणात उभं राहून वारा बघितला.

"वारा तर वरचा हाय भाबी. आपल्याकडं आज काय येणार नाय."

"आत तर या."

तो उंबरा ओलांडून आत आला आणि तसाच थांबला. त्याने शर्टाची कॉलर नाकावर ओढली. "हे काय मेलंय हितं? उंदीर बघा कुठं पडलाय काय." मग कान चोळत तो बाहेर गेला. अंगणात त्याने दोनदा थुंकून टाकलं. "भायला डाक्टरला दाखवा. आन पोरीलापन. आन घर उघडं टाका म्हणतो मी, सगळं उघडं."

सल्ला सोन्यासारखा होता. त्या वेळी हलिमालाही तसाच वाटला.

४

महाडचा दवाखाना बाजारपेठेत, वरच्या मजल्यावर. हलिमा नवऱ्याला आणि हुमेराला घेऊन तिथे गेली. डॉक्टर जुने, ओळखीचे. त्यांनी फुरकानच्या पाठीला नळी लावली, बोटाला चिमटा लावून आकडा बघितला, छातीचा फोटो उजेडावर धरला.

"फोटो साफ आहे," ते म्हणाले. "विमानात हवा कोरडी असते, घसा सुकतो. कधी इंजिनाकडचा तेलकट वास आत येतो म्हणतात, त्याने डोकं दुखतं, मळमळतं. मोकळ्या हवेत चार दिवस राहा."

हलिमाला हायसं वाटलं. शिकलेल्या माणसाने नाव दिलं की दुखणं अर्धं होतं. मग तिच्या लक्षात आलं की बोलता बोलता डॉक्टरांनी आपली खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेली आहे आणि मागची खिडकी उघडली आहे.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा नळी फुरकानच्या पाठीला लावली. या वेळी त्यांनी बराच वेळ ऐकलं. कपाळावर आठी आली. "मोठा श्वास घ्या. सोडा. आता घेऊ नका, थांबा." फुरकान थांबला. त्याची छाती हलत नव्हती. डॉक्टर मात्र ऐकतच होते, आणि त्यांनी नळी अशी झटकन काढली की ती टेबलावर पडली.

तेवढ्यात सिस्टर अंकिता दार लोटून रागावूनच आत आली. "सर, आत इतके पेशंट कुणी सोडले? बाहेर खोकण्याचा आवाज येतोय सगळा. एकेकाने यायचं ना हो."

खोलीत डॉक्टर होते आणि हे तिघं. गेल्या पाच मिनिटांत त्यांच्यातलं कुणीच खोकलं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि फी न घेताच पुढचा पेशंट बोलावला.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी हलिमा औषधं आणायला बाजारात गेली. हुमेराला शेजारणीकडे बसवून गेली होती. निघताना घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या, झडपांना दगड लावून.

परत आली तेव्हा शेजारीण अंगणात मिरच्या वाळत घालत होती. "पोर गेली घरी, अब्बानं हाक मारली म्हणून," ती म्हणाली.

हलिमाच्या घराच्या खिडक्या लागलेल्या होत्या. ऊन टळटळीत. वाऱ्याचं नाव नाही. दाराखाली आतून ओलं फडकं कोंबलेलं दिसत होतं. आणि घरातून एकसारखी घरघर येत होती, पिठाच्या गिरणीसारखी, पण खूप लांबून. पंखा असेल, तिला वाटलं. मग आठवलं, सकाळपासून वीज नव्हती.

तिने दार ढकललं. ते हलेना. कडी नव्हती लागलेली, आतली हवाच त्याला धरून होती. तिने खांदा लावला तसं दार फुस्स करून सुटलं आणि आतला श्वास तिच्या तोंडावर आला. गरम, दमट, चिकट. मोजे, तेल, शिळं तोंड, कुणाची ढेकर, कुणाच्या ओल्या लंगोटाचा वास, डोक्याचं तेल, ओकारी, आणि या सगळ्यावर कसलंतरी गोडसर फवारलेलं अत्तर. हलिमा चौकटीला धरून वाकली आणि तिथेच उंबऱ्यावर ओकली.

मान वर केली तेव्हा कान बंद झाले होते. आत अंधार होता. मधल्या खोलीत फुरकान खुर्चीत ताठ बसला होता, तोंड पलीकडच्या भिंतीकडे. त्याच्या शेजारी, दुसऱ्या खुर्चीत, गळ्यापर्यंत चादर घेऊन हुमेरा. पाय अधांतरी.

कुणीतरी खोकलं. ते फुरकानच्या पुढून आलं. मग त्याच्या पुढे अजून एक. मग अजून पुढे. त्या खोलीची भिंत फुरकानपासून चार हातांवर होती, हलिमाने स्वतः तिला चुना दिला होता. खोकला त्याच्याही पलीकडे जात राहिला, एकामागे एक, लहान होत होत, आणि कुठेतरी फार आत एक तान्हं मूल किरकिरत राहिलं.

तिचे डोळे अंधाराला सरावत होते. ते सरावू नयेत असं तिला वाटलं. फुरकानच्या पुढे काहीतरी गोल, केसाळ दिसायला लागलं होतं, खुर्चीच्या पाठीवरून वर आलेलं. त्याच्या पुढे तसंच दुसरं. एक हळूच वळायला लागलं.

"अम्मी," हुमेरा कुजबुजली. "दार लाव ना. सगळे झोपलेत."

हलिमा आत कशी गेली ते तिला नंतर सांगता आलं नाही. श्वास कोंडून, डोळे पोरीवर ठेवून ती गेली, चादर ओढून फेकली, हुमेराला काखेत मारलं. मग नवऱ्याचा हात धरला. तो हात कोरडा आणि गार होता.

"अवो, उठा. चला बाहेर."

फुरकानने मान वळवली नाही. ओठ तेवढे हलले. "तू हो पुढं," तो समजुतीने म्हणाला. "आमाला अजून उतराया सांगितलं नाय."

६

हलिमाने नेसत्या कपड्यांनिशी एसटी पकडली. पोलादपूरला तिची थोरली बहीण मेहरुन राहायची, आंबेनळीच्या रस्त्याला, जिथे घाटाचा वारा घरात सरळ शिरतो. वाटेतून तिने नासिरला फोन केला. काय सांगावं ते कळेना, म्हणून एवढंच सांगितलं की भायची तब्येत बिघडली आहे, जाऊन सगळ्या खिडक्या-दारं उघडा आणि त्यांना ओढून बाहेर काढा.

एसटीत तिने काच पूर्ण खाली केली. मागच्या बाईने कुरकुर केली, पण हलिमाने ऐकून घेतलं नाही. हुमेरा मांडीवर झोपली. गार वारा पोरीच्या तोंडावर आपटत होता आणि तिचा श्वास मोकळा झाला होता. हलिमा रडली. नवऱ्याला टाकून आल्याबद्दल रडली, आणि त्याचा हात सोडताना बरं वाटलं होतं त्याबद्दल जास्त.

मेहरुनने दोघींना आत घेतलं. गरम पाणी काढलं, दोघींना अंघोळ घातली, भात वाढला. संध्याकाळी हुमेरा अंगणात कोंबडीमागे पळाली आणि एकदाही खोकली नाही. हलिमा पायरीवर बसून तिच्याकडे बघत राहिली.

दिवेलागणीला नासिरचा फोन आला.

"भाबी, घर उघडलं मी. सगळं उघडं टाकलं. भाय बसलाय खुर्चीत, उठत नाय, पन बोलतोय. सकाळी गाडी आणून नेतो त्याला."

"आत अजून कोण दिसलं काय?"

"कोण दिसणार?" तो थांबला. "पन वास लय गो. खिडक्या उघडल्या तसा भायेर पडला सगळा. पार मशिदीपत्तूर गेला. लोकांना वाटलं वसाहतीतून आला. हाक उठली ना मग. सगळ्यांनी लावून घेतल्या खिडक्या. मीपन आता घरी येऊन लावून बसलोय."

 तिच्या डोळ्यांपुढे सगळा मोहल्ला उभा राहिला, घरामागे घर, कड्या लागलेल्या, दाराखाली ओली फडकी.

"नासिरभाय, उघडा. सगळ्यांना सांगा उघडाया. ऐकताय ना?"

"काय? मोठ्यानं बोला भाबी. कान बसलेत माझे."

त्याच्या मागे कुणीतरी खोकलं. मग त्याच्याही मागे कुणीतरी.

"तुमच्याकडं कोण आलंय?" हलिमाने विचारलं.

"कोण नाय. एकटाच हाय मी," नासिर म्हणाला, आणि जांभई दिली. "झोप यतेय लय." फोनमधून तीच घरघर येऊ लागली, वाढत गेली आणि नासिरचा आवाज त्या घरघरीत बुडाला.

७

हलिमा फोन हातात घेऊन आत आली. मेहरुनने हुमेराला खाटेवर निजवलं होतं आणि ती नाक वर करून हुंगत होती.

"हितं कसा गो महाडचा वास?" ती म्हणाली. "कदी यत नाय. पोरीची छाती नाजूक, थांब, खिडकी लावते."

"नको, आपा. उघडी ठेव."

"अगो, बाधेल तिला."

"उघडी ठेव म्हणते ना," हलिमा म्हणाली. "तू जरा बाहेर जाऊन बस. तुझ्या पोरांना घेऊन अंगणात बस. मी बोलावीन."

मेहरुन तिच्या तोंडाकडे बघत बाहेर गेली. खिडकीतून घाटाचा वारा भरारत येत होता, पडदा छतापर्यंत उडत होता. एवढ्या वाऱ्यात कुठलाही वास टिकला नसता. तो बाहेरून येत नव्हता.

हलिमा खाटेच्या कडेला बसली. हुमेरा जागीच होती. हात मांड्यांवर, ताठ पडलेली. ओठ कोरडे झाले होते. तिने श्वास सोडला आणि ओल्या मोज्यांची, जुन्या तेलाची, कुणा म्हाताऱ्याच्या शिळ्या तोंडाची वाफ हलिमाच्या चेहऱ्यावर आली. हलिमाची मान आपोआप वळली. घशाशी आलं. पोटच्या पोरीपासून तिने तोंड फिरवलं होतं, आणि पोरीने ते पाहिलं.

"अम्मी, माझा वास यतो?"

हलिमाने पदराने तोंड पुसलं. सहा वर्षं तिने या पोरीच्या आणि जगातल्या सगळ्या घाणीच्या मध्ये एक खिडकी धरून ठेवली होती. आता लावायला खिडकी उरली नव्हती.

"नाय गो," ती म्हणाली. "कुठं यतो?"

"मंग अशी लांब का बसलीस?"

हलिमा खाटेवर चढली. पोरीला कुशीत घेतलं, तिचं तोंड आपल्या तोंडाशी आणलं आणि कपाळाला कपाळ लावलं. हुमेराने श्वास सोडला. हलिमाने डोळे मिटले आणि तो सगळा आत ओढला, छाती भरेपर्यंत.

वारा, पडदा, अंगणातलं मेहरुनचं बोलणं, सगळं एकदम लांब गेलं. तिचे कान बंद झाले होते. तिने आवंढा गिळून पाहिला. ते उघडले नाहीत.